बेसण्याआधीचं ऑइल

मंदाकिनीबाई रडत नव्हत्या, आणि ही गोष्ट आता घरापुरती राहिली नव्हती.

नवरा जाऊन चौथा दिवस. बडोद्यात वासण्याच्या पुढे, जिथे पूर्वी कपाशी आणि तूर उभी असायची आणि आता रो-हाउसांच्या सोसायट्या उभ्या आहेत, तिथलं त्यांचं लहानसं घर बायकांनी भरून गेलं होतं. येणारी प्रत्येक बाई आधी मंदाकिनीबाईंच्या गळ्यात पडून स्वतःचं रडून घेई, मग मागे सरून त्यांच्या डोळ्यांकडे बघे आणि ते कोरडे पाहून बुचकळ्यात पडे. मंदाकिनीबाईच उलट त्यांना पाणी देत. दुःखाचे मार्क द्यायला बसलेल्या बायका फार कडक असतात, आणि इथे तर पेपर साफ कोरा होता.

सर्वांत जास्त काळजी लागली होती मोहनाला. मोहना म्हणजे गेलेल्या जनार्दनरावांची धाकटी बहीण. शहरातल्याच अकोट्याहून ती पहिल्याच दिवशी बॅग घेऊन आली होती आणि वहिनीला रडवायचंच असा तिने चंग बांधला होता. लग्नाचा अल्बम काढून झाला. भावाचा चष्मा पुढे ठेवून झाला. शेवटी खुंटीवरचा शर्ट आणला. त्याला डिझेलचा आणि घामाचा वास येत होता. मोहना तो नाकाशी धरून ओक्साबोक्शी रडली. मंदाकिनीबाईंनी तिच्या हातातून शर्ट घेतला, कॉलर नीट केली आणि त्याची घडी घातली.

"वहिनी, रडा हो एकदा. साठून राहिलं की छातीत बसतं."

"हो," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

शेजारच्या गुजराती काकी म्हणाल्या, "रडी लो बेन, हलकं थई जशे."

"हो," त्यांनाही त्या म्हणाल्या.

त्यांनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. सकाळी न्हाणीघरात नळ सोडून, दार लावून, तोंड वेडंवाकडं करून पाहिलं होतं. काही आलं नाही. बादली मात्र भरून वाहिली, तेव्हा त्यांनी नळ बंद केला. त्यांच्या आत सगळं झोपलेल्या पायासारखं झालं होतं. आहे आपलंच, पण चिमटा काढला तरी कळत नव्हतं. बायका काय म्हणतात याचं त्यांना काही नव्हतं. भीती वाटत होती ती वेगळीच. माणूस गेलं आणि आपल्याला काही वाटत नाही, तर इतकी वर्षं आपण त्याच्याबरोबर केलं तरी काय? नुसता स्वयंपाक?

जनार्दनराव नंदेसरीला एका केमिकलच्या कारखान्यात फिटर होते. शिफ्टची बस, डबा, वर्षातून एकदा बोनस आणि मिठाईची पेटी, असं सरळ आयुष्य. पण वडिलांचं थोडं शेत होतं आणि त्या शेताबरोबर आलेला एक जुना ट्रॅक्टर होता. शेत पुढे बिल्डरकडे गेलं, त्याच्यावर ही सोसायटी झाली, तिच्यातच त्यांना हे घर मिळालं. ट्रॅक्टर मात्र त्यांनी दिला नाही. पूर्वी जिथे तो नांगरायचा, तिथेच आता सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये उभा राहायचा, तोही कोपऱ्यात नाही, मधोमध. सोसायटीचे सेक्रेटरी पीयूषभाई दर मीटिंगला त्याचा विषय काढत आणि दर गणपतीत मिरवणुकीची ट्रॉली ओढायला तोच ट्रॅक्टर मागत. मंदाकिनीबाई मराठी शाळेत शिशुवर्गाला शिकवायच्या. मूलबाळ झालं नाही. याबद्दल घरात एक-दोन वर्षं बोलणं झालं, मग दोघांनी तो विषय बंद केला आणि जनार्दनराव ट्रॅक्टरखाली जास्त वेळ घालवू लागले. यावरून बायकोने त्यांना पुष्कळ टोमणे मारले होते.

ज्या दिवशी ते गेले, त्या दिवशीही ते ट्रॅक्टरखालीच होते. गिअरचं आणि हायड्रॉलिकचं ऑइल या ट्रॅक्टरच्या एकाच पोटात असतं. ते जनार्दनराव कितीही नड असली तरी वेळेवर बदलायचे. सकाळी त्यांनी सोसायटीभोवती दोन चकरा मारून ऑइल गरम केलं, खालचा प्लग काढला आणि घमेल्यात धार सोडली. "सगळं नीट गळू दे," म्हणत ते जेवायला आले. वरणभात खाल्ला. ताक प्यायले. "जरा पाठ टेकतो, तासाभरानं उठव, मागची लिफ्ट वर-खाली करायला तू लागशील," असं म्हणाले. तासाभराने मंदाकिनीबाई उठवायला गेल्या.

तेव्हापासून ट्रॅक्टर तसाच होता. पोट उघडं, खाली काळ्या ऑइलचं घमेलं, शेजारी नव्या ऑइलचे कॅन. भेटायला येणारी माणसं त्याला वळसा घालून येत होती आणि जाताना पुन्हा वळसा घालून जात होती.

आज संध्याकाळी बेसणं होतं. बडोद्याच्या मराठी घरांनी हे गुजरात्यांकडून घेतलंय आणि आता ते आपलंच झालंय: पांढऱ्या चादरी, फोटोला हार, लोकांनी यायचं, हात जोडायचे, पाच मिनिटं बसायचं, निघायचं. खुर्च्यांचा टेम्पो दहाच्या सुमाराला आला आणि कॉमन प्लॉटच्या तोंडाशी अडकला. मधे ट्रॅक्टर. पीयूषभाईंनी केयूरला हाक मारली.

केयूर हा मोहनाचा मुलगा. कॉम्प्युटरवर काम करणारा, चांगला पंचविशीचा. मामाला मूल नाही म्हणून अग्नी त्याने दिला होता, आणि त्याच्या नव्याकोऱ्या गोट्याकडे बघून सोसायटीतली पोरं तोंड फिरवून हसत होती. गणपतीत त्याने मामाशेजारी बसून हा ट्रॅक्टर चालवलेला. त्यामुळे मदत करायची ही संधी त्याला बरी वाटली. त्याने खिळ्यावरची चावी घेतली, वर चढला आणि चावी फिरवली. जनार्दनरावांचा ट्रॅक्टर, एका फटक्यात सुरू झाला.

आत मोहना फोटो पुसत होती. धडधड ऐकून तिचे हात थांबले. दादांच्या ट्रॅक्टरचा आवाज, दादा नाहीत, आता तरी वहिनीचा बांध फुटेल म्हणून तिने आशेने वळून पाहिलं, तर वहिनी जागेवर नव्हत्या.

मंदाकिनीबाई अनवाणी, बायकांचे पाय तुडवत, चपलांच्या ढिगावरून बाहेर पोचल्या होत्या.

"केयूर! बंद कर! बंद कर म्हणते ना!"

चार दिवस फक्त 'हो' म्हणणाऱ्या बाईचा हा आवाज. शिशुवर्गाच्या चाळीस पोरांना एका दमात बसवणारा. टेम्पोवाल्यानेही आपलं इंजिन बंद केलं.

"पोटात थेंब नाहीये त्याच्या! गिअर टाकलास?"

"हातभर पुढे घेतला फक्त," केयूर पुटपुटला.

"हातभर! उतर खाली."

ओट्यावर आलेल्या बायकांपैकी कुणीतरी फार हळू नाही अशा आवाजात म्हणालं, "नवऱ्यासाठी टिपूस नाही गाळलं, आणि ट्रॅक्टरसाठी धावली बघा." मंदाकिनीबाईंनी ते ऐकलं. खरंच आहे, असं त्यांना वाटलं. त्यात वाईटही काही वाटलं नाही.

पीयूषभाई मवाळ माणूस. ते पुढे आले. "मंदाबेन, चिंता ना करो. चार जणा धक्को मारीने बाजूए करी दईशुं."

"धक्का नको. आधी ऑइल भरायचं. मग तो चालत जाईल."

का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. एक काम अर्धं पडलंय आणि त्याचा उरलेला अर्धा भाग त्यांना ओळीने आठवत होता, एवढंच. बाकी काहीच आठवत नव्हतं, हे मात्र आठवत होतं. त्यांनी पदर खोचला.

आता मोहना मधे पडली. "वहिनी, सुतक आहे! सुतकात तेलाला हात लावत नाहीत. आणि केयूरनं? ज्यानं अग्नी दिला त्यानं तेलात हात घालायचे?"

"हे काय डोक्याला लावायचं तेल आहे का, मोहना?"

केयूर तोवर ट्रॅक्टरखाली शिरलाही होता.

प्लग आणि ऑइल गाळणारी जाळी एका स्टीलच्या वाटीत डिझेलमध्ये बुडवून ठेवली होती. वाटी स्वयंपाकघरातली होती. एरवी मंदाकिनीबाईंनी यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी प्लग काढून उजेडात धरला. त्याच्या टोकाला चुंबक असतं, लोखंडाचा चुरा त्याला चिकटतो. दर खेपेला जनार्दनराव तो त्यांच्या नाकासमोर आणून दाखवायचे, पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसे. "बघ, नुसतं पीठ आहे. तुकडा नाही. तुकडा निघाला की समज दात गेला." त्यांनी निरखून पाहिलं. पीठच होतं. त्यांनी ते फडक्याने पुसलं आणि आधी जाळी, मग प्लग खाली दिला.

"हातानं आटे बसव आधी, मग पाना लाव. नाही तर वाकडा जाईल."

"मामी, तुम्हाला हे सगळं येतं?"

"येत नाही. ऐकलंय."

नरसाळ्याला जुन्या पातळाचं फडकं बांधून वरच्या तोंडात लावलं. कॅन जड होता. केयूर ओतायला लागला तसं नरसाळं डुगडुगायला लागलं. "अरे सांडेल!" म्हणत मोहनाने धावत येऊन ते धरलं, आणि मग सोडताच येईना. पांढरी साडी, सुतक, हातावरून ओघळणारं मधासारखं ऑइल, आणि तोंडाने देवाची क्षमा मागणं चालू. केयूरच्या गोट्यावर खालच्या गळतीचे काळे ठिपके पडले होते. जनार्दनरावांनी हे बघितलं असतं तर पोट धरून हसले असते. मंदाकिनीबाईंच्या मनात हे आलं आणि गेलं. हसू आलं नाही.

कॅन संपले. पट्टी बुडवून बघितली, खुणेपर्यंत ऑइल होतं. पण एवढ्याने भागत नाही. इंजिन चालू करून मागची लिफ्ट, म्हणजे नांगर उचलणारे दोन लोखंडी हात, काही वेळा वर-खाली घ्यावे लागतात, तेव्हा कुठे आतली हवा निघून ऑइल सगळीकडे पोचतं. मग खूण उतरते आणि वरून आणखी घालावं लागतं. त्याला दोन माणसं लागतात: एक सीटवर लिव्हरशी, दुसरं मागे लिफ्टजवळ.

सीटवरचं माणूस लग्न झाल्यापासून एकच होतं. मंदाकिनीबाईंनी चाकाजवळच्या पायरीवर पाय दिला, निऱ्या सावरल्या आणि वर चढून बसल्या. केयूरला मागे उभं केलं. मोहना हात धुवायला नळाकडे गेली. त्यांनी इंजिन चालू केलं आणि लिव्हर वर ओढलं.

काही झालं नाही.

त्यांनी लिव्हर तसंच धरून ठेवलं. ट्रॅक्टर धडधडत होता. समोर पाण्याची टाकी आणि तिच्याशेजारचा कडुनिंब.

"मामी, काहीच होत नाहीये!" मागून केयूर ओरडला. "आता काय करायचं?"

आता काय, ते मंदाकिनीबाईंना माहीत नव्हतं. ही लिफ्ट वर येताना त्यांनी एकदाही पाहिलेली नव्हती. "मागे बघू नकोस, पुढे बघ, ब्रेकवर पाय राहू दे," असं जनार्दनरावांनी पहिल्या वेळी सांगितलं आणि त्यांनी ते पाळलं. त्या टाकीकडे बघत बसायच्या, आणि त्यांच्या पाठीमागून सगळं यायचं. थांब. घाई करू नको, हवा आहे. वर. अजून वर. आता सावकाश खाली. ऐकू येतंय का ग? इंजिनाच्या वरताण ओरडून ते विचारायचे, आणि ऐकू येत असूनही त्या उत्तर द्यायच्या नाहीत. नुसतं लिव्हर हलवायच्या. तेच उत्तर होतं आणि त्यांना ते पुरायचं.

म्हणून त्या आताही वाट बघत बसल्या. सवयीने. पुढचं मागून येईल म्हणून. टाकीकडे बघत, लिव्हरवर हात ठेवून, कान मागे लावून त्या आपल्या नवऱ्याच्या आवाजाची खरोखरच वाट बघत बसल्या, आणि तो आला नाही. थोडा वेळ गेला आणि तो आलाच नाही. चार दिवस सगळा वासणा त्यांना जे सांगत होता ते त्यांना तेव्हा कळलं.

पहिला हुंदका इतक्या जोरात आला की त्यांचं कपाळ स्टीअरिंगवर आपटलं. मग त्या रडल्या, मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लाज न धरता. "अहो," एवढंच तोंडून निघत होतं, पुन्हा पुन्हा. ट्रॅक्टरच्या धडधडीत त्यांचा त्यांनाही आवाज ऐकू येत नव्हता. त्यांना फार दुखत होतं. हात मात्र लिव्हरवरच होता.

ओट्यावरच्या बायकांना त्यांची पाठ दिसत होती. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "बघा, ट्रॅक्टर चालवतेय. बाईचं काळीज दगडाचं."

तेवढ्यात ट्रॅक्टरच्या पोटात काहीतरी गुरगुरलं आणि ते दोन लोखंडी हात थरथरत उचलले गेले.

"आलं! मामी, वर आलं!" केयूर आनंदाने नाचत ओरडला. त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. "आता खाली घ्या! सावकाश! ऐकू येतंय का?"

"हो!" मंदाकिनीबाई रडत रडत ओरडल्या, आणि त्यांनी लिव्हर खाली घेतलं.