मखमलीखालचं यंत्र

आणीबाणी लागली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आप्पांना दुकानातच हार्टअटॅक आला. आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, सोलापुरात भर बाजारात. आप्पा मूळचे मोहोळ तालुक्यातले. लष्करात वायरलेसचं काम शिकून आले आणि इथं दुकान टाकलं. मी त्यांची एकुलती मुलगी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते, पण खरं शिक्षण दुकानातच झालं. गिऱ्हाइकं माझ्याकडे रेडिओ द्यायला बिचकायची, म्हणून आप्पा ‘आत देतो’ म्हणायचे आणि आत मी बसलेली असायचे.

त्या दुपारी आप्पा ट्रान्झिस्टरचं झाकण लावता लावता म्हणाले, “छातीवर कुनीतरी बसल्यागत वाटतंय गं.” शेजारच्या दुकानदारानं रिक्षा आणली. आम्ही जवळच्या धर्मादाय हॉस्पिटलात गेलो. तिथं हृदयाच्या रोग्यांसाठी वेगळी खोली होती, दोन खाटांची, आणि खोलीत हृदयावर नजर ठेवणारं परदेशी यंत्र होतं. रिक्षात बसल्यापासून मी मनात तेवढंच धरून होते, की तिथं यंत्र आहे.

यंत्र होतं. दोन खाटांच्या मधोमध, पश्चिमेच्या खिडकीला लागून, चाकाच्या टेबलावर. त्यावर जांभळ्या मखमलीचं, जरीची किनार शिवलेलं कव्हर. कव्हरावर पितळी पट्टी, तिच्यावर देणाऱ्याचं नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातली आया आली, पट्टी पुसली, यंत्रापुढे उदबत्ती फिरवून गेली. डॉक्टरांनी आप्पांना तपासलं, नाडी बघितली. यंत्राला कुणी हात लावेना.

मी सिस्टरना विचारलं, “हे कधी लावणार?”

सिस्टर दुधनीकडच्या होत्या. घरी कानडी बोलायच्या, मराठी तोडून तोडून बोलायच्या. म्हणाल्या, “बंद आहे हो ते. दिवाळीपासून. कंपनीचा माणूस मुंबईहून येणार आहे.”

“मग उदबत्ती कशाला लावता?”

त्यांनी मान फिरवली. आप्पांचा चार्ट लिहायला लागल्या.

पलीकडच्या खाटेवर सूत रंगवणाऱ्या कारखान्यातला एक माणूस होता. त्याची नखं निळी होती, म्हणून पहिल्यांदा मी दचकले. मग कळलं, तो रंग आहे. त्याची बायको विड्या वळायची आणि वळून झाल्या की आंबील घेऊन यायची. घरात ती दोघं तेलुगू बोलायची. आप्पांशी तो मात्र मराठीत गप्पा मारायचा. माझा रेडिओ खरखरतो, बरा झालो की घेऊन येतो, म्हणाला होता.

तिसऱ्या का चौथ्या दुपारी सिस्टरनी त्याची नाडी बघितली, ठीक म्हणाल्या आणि बाळंतिणींच्या वॉर्डात धावत गेल्या, कारण त्या एकट्या होत्या आणि वॉर्ड दोन होते. मी आप्पांना पेपर वाचून दाखवत होते. तो माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता. आम्हाला वाटलं, झोपला आहे. त्याची बायको आंबील घेऊन आली आणि तिनं खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं.

माझ्यापासून चार हातांवर माणूस गेला आणि मी पेपर वाचत होते. आमच्या मधे, मखमल पांघरून, ते यंत्र उभं होतं. त्याचं सगळं काम एवढंच, की हृदय चुकलं तर ओरडून सांगायचं.

ती खाट रिकामी झाली, तसे आप्पा यंत्राकडे वळले. मग म्हणाले, “उघडून बघ की ते.”

मी तडक डॉक्टरांकडे गेले. माणूस वाईट नव्हता, पण थकलेला होता. मी म्हटलं, “मला ते उघडू द्या. पडद्याची नळी, खाली ट्रान्झिस्टरचे बोर्ड, असं सगळं माझ्या ओळखीचं आहे.”

ते म्हणाले, “माझ्या हातात नाही. ट्रस्टींना विचारा.”

ट्रस्टींची कापडाची पेढी होती, दुसऱ्या दिवशी तिथं गेले. यंत्र देणारे त्यांचेच मामा. त्यांनी मला बसायला सांगितलं, सरबत मागवलं आणि विचारलं, “तुमचे मिस्टर रेडिओचं काम करतात का?”

“माझं लग्न झालेलं नाही. काम मी करते.”

“अहो ताई, रेडिओ वेगळा. हे नाजूक परदेशी मशीन. वर सील आहे. सील तुटलं तर कंपनी हात वर करेल.”

“कंपनीनं दिवाळीपासून हात कुठं खाली केलेत?” माझा आवाज चढला होता. पेढीवरचे गुमास्ते माना वर करून बघायला लागले. “काल तुमच्या खोलीत एक माणूस गेला. त्याच्या उशाशी तुमच्या मामांचं नाव होतं. ते वाचून वाचला नाही तो.”

ट्रस्टींचा चेहरा उतरला, पण सरबताचा पेला पुढे सरकवत ते म्हणाले, “बघू. येत्या मीटिंगला विषय घेऊ.”

सरबत तसंच ठेवून मी उठले. भर उन्हात तरातरा चालत निघाले. रागानं. मी कुणाचं काही मागायला गेले नव्हते. बंद पडलेली वस्तू चालू करून देते म्हणत होते.

हॉस्पिटलात परतले तर डॉक्टर जिन्यात भेटले. इकडेतिकडे बघून म्हणाले, “हे बघा, तुम्ही काही केलंत तर मी पाहिलं नाही.”

यानं माझं डोकं आणखीच फिरलं. “पाहा ना! उभं राहून पाहा. मी चोरी करायला आलेली नाही. आणि पेशंटला जोडायच्या आधी ते सुरक्षित आहे की नाही, हे बघायला डॉक्टर लागेल मला.”

ते दोन पायऱ्या उतरून थांबले. मग म्हणाले, “उद्या ओपीडी संपली की.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रेसिंगच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर अंथरून आम्ही यंत्र उघडलं. सील मी डॉक्टरांसमोर तोडलं. मागचं झाकण काढलं आणि आतून वास आला, जळका, आंबूस. ओळखीचा वास. चार कंडेन्सर, वीज साठवणाऱ्या डब्या, निकामी झालेले, त्यातले दोन बोंडासारखे फुगलेले, एकाचं पाणी बोर्डावर पाझरून तांब्याची रेघ हिरवी पडलेली.

“कशानं झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

मी त्यांना यंत्राच्या माथ्यावरच्या फटी दाखवल्या. आतली ऊब बाहेर जावी म्हणून केलेल्या फटी. त्या जरीच्या कव्हराखाली बरोबर झाकल्या जात. सिस्टर दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “कव्हर काढायचं नाही म्हणून हुकूम होता. पट्टी दिसली पाहिजे. यंत्र चालू असताना पण.”

सोलापूरचा गेला उन्हाळा, त्यावर ऑक्टोबरचा उकाडा, पश्चिमेची खिडकी आणि वर मखमल! ज्यांनी दिलं त्यांच्याच मानासाठी ते गुदमरून मेलं होतं. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण रागाच्या हातानं सोल्डरचा डाग द्यायला गेलं तर बोर्ड जळतो.

मग कामाला लागले. असल्या पडद्याच्या नळीत यंत्र बंद केल्यावरही वीज दबा धरून बसते. आप्पांनी शिकवल्याप्रमाणे डावा हात पाठीमागे धरून, जमिनीला जोडलेली तार लावून ती आधी उतरवली. फुगलेले कंडेन्सर काढले, दुकानातले नवे घातले, कुजलेल्या रेघेवर तार टाकली. वीज दिली. पडद्यावर हिरवा ठिपका उमटला.

सिस्टरनी टाळी वाजवली, पण ती जरा लवकरच. पेशंटला जोडायचे तारांचे पट्टे मी स्वतःच्याच मनगटांना बांधले होते. ठिपका माझ्या ठोक्याबरोबर वर उडत होता, खाली येत होता, पण जागच्या जागी. पुढे सरकून रेघ काढीना. म्हणजे आडवं चालवणारा भाग मेला होता. त्यातला ट्रान्झिस्टर परदेशी नंबराचा, सोलापुरात मिळणं शक्य नव्हतं.

मी जाऊन आप्पांना सांगितलं. ते पडूनच होते, डोळे मात्र चमकले. “दुसरा कुटला बसतोय ते बघ. नंबराच्या मागं लागू नगंस. त्याचं काम काय हाय, ते बघ.”

दोन दुपारी त्यात गेल्या. पहिला ट्रान्झिस्टर बसवला तर ठिपका असा सुसाट पळाला की नुसती आडवी रेघ दिसे. दुसरा बसवला, तो तापून गेला. तिसरा जमला. मग वेग ठरवणारा कंडेन्सर बदलत बदलत, सिस्टरनी घड्याळ धरून माझी नाडी मोजायची आणि मी पडद्यावरचे सुळके मोजायचे, असं चाललं.

त्याच मधल्या वेळात रंगाऱ्याची बायको आली. राहिलेलं भांडं न्यायला. ती दारात थांबली, पडद्यावरचा सुळका बघत राहिली. मला म्हणाली, “ये चालू असतं तर कळलं असतं का?”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ‘सांगता येत नाही’ म्हणावं, असं त्यांच्या नजरेत होतं.

मी म्हटलं, “कळलं असतं. वाचले असते की नाही, ते माहीत नाही. पण कळलं असतं.”

तिनं भांडं पदराखाली घेतलं आणि गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी रेघ नीट चालली. डॉक्टरांनी पट्टे, तारा, जमिनीची जोडणी दोनदा तपासली, तासभर माझ्यावरच यंत्र चालवलं आणि मगच आप्पांना जोडलं. आप्पा मान वळवून स्वतःच्या काळजाची हिरवी रेघ बघत होते. “चाल बरी हाय की,” म्हणाले. “जरा खरखरतंय, पण चालंल.”

आप्पा बरे होऊन घरी आले. पंधरवड्यानं त्याच खाटेवर आलेल्या एका बाईची रेघ भलतीच नाचायला लागली, सिस्टरना शेजारच्या वॉर्डात गजर ऐकू आला, डॉक्टर धावले आणि ती बाई पायांनी चालत घरी गेली. हे मला सिस्टरनी दुकानात येऊन सांगितलं. सांगताना त्यांना मराठी सुचेना.

मग यंत्र सुरू झालं म्हणून ट्रस्टींनी समारंभ केला. कंपनीचा इंजिनिअर एकदाचा मुंबईहून आला, चालू यंत्र चालू करून बघितलं, मान डोलावली. ट्रस्टींनी त्याला शाल दिली, भाषणात कंपनीचे आभार मानले. मला स्टेजवर बोलावून त्यांच्या पत्नीनं कुंकू लावून खण-नारळ दिला. टाळ्या पडल्या. तो घेऊन मी माइककडे वळले. “यंत्रावर कव्हर घालू नका,” एवढंच बोलले, तर माइक बंद झाला. समारंभ संपला तसं कव्हर पुन्हा चढलं. त्या आठवड्यात सिस्टरनी ते धोब्याकडे टाकलं. ट्रस्टी विचारायचे तेव्हा त्या म्हणायच्या, “धुवायला गेलंय साहेब, अजून आलं नाही.”

पुढच्या वर्षी एक्सरेच्या मशिनचा टायमर बिघडला. या वेळी ट्रस्टी स्वतः दुकानात आले. आप्पा गल्ल्यावर होते. त्यांनी नुसतं बोट आत दाखवलं. मी म्हटलं, “येते. पण मी उघडीन तेव्हा तुम्ही तिथं बसायचं.”

ते आले. पांढऱ्या स्वच्छ धोतरात स्टुलावर बसले. त्या खोलीत उजेड कमी होता, म्हणून मी त्यांच्या हातात बॅटरी दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. मधेच विचारलं, “हा काळा गोळा काय असतो?” मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, कळलं की नाही देव जाणे. बॅटरी खाली जायला लागली तशी मी म्हटलं, “वर धरा. अजून वर.”

आणि त्यांनी वर धरली.