क्रेनवाल्याचे सोळा दिवस

सूचनाफलकावर कागद लागला त्याच संध्याकाळी क्रेनवाल्याने गांजाची पुडी संडासात ओतली आणि वरून पाणी सोडलं. सोळा दिवसांनी सगळ्या कामगारांची लघवी तपासणार, असा तो कागद. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

तसा बेताल माणूस नव्हता तो. अकरा वर्षं उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून लोखंड उचलत होता. सकाळी शिडी चढला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायचं नाव नाही; मुतायचं तेही बाटलीत. घरी आला तरी अंगाखालची खुर्ची डुलतच राहायची, डोळ्याला डोळा लागायचा नाही. मग जेवणानंतर गांजाची एक विडी. रोज, सहा वर्षं. कामावर कधी नाही, ही त्याची शपथ खरीच होती; पण कधी ओढली हे लघवी सांगत नाही, ओढली एवढंच सांगते.

काम गेलं तर परवानाही जाणार होता, आणि बेचाळिसाव्या वर्षी जमिनीवरचं दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं.

जो जे सांगेल ते त्याने केलं. लिंबू झालं, व्हिनेगर झालं, उपास झाले, एवढं पोट सांभाळत धावणंही झालं. बायको म्हणाली, लग्नाआधी असा धावला असतास तर फोटो तरी बरे आले असते. म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवसापासून लिंबं तीच चिरून ठेवू लागली.

बाराव्या दिवशी तो थोरल्या बहिणीकडे गेला. ती प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासायची. गांजा अंगात किती दिवस राहतो, असं त्याने विचारलं. तिने आडपडदा ठेवला नाही. एखाद्या वेळीच ओढणारा तीन-चार दिवसांत सुटतो. रोजच्याचा महिना धरायचा, कधी त्याहून जास्त. तो चरबीत जाऊन बसतो आणि तिथून थोडाथोडा झिरपतो. लिंबूबिंबू सगळं झूट. आणि धावून चरबी जाळायला गेलास तर उलट जास्तच झिरपायचा.

"पण ताई, मी सोडलाय."

"तू सोडलायस रे. त्याने तुला अजून सोडलेलं नाही."

मग जे मागायला आला होता ते त्याने खाली मान घालून मागितलं. तिची लघवी.

ताई म्हणाली, "वीस वर्षं बाटल्यांवर नावं चिकटवतेय मी. एकदाही चुकीचं चिकटवलं नाही, तुझंही चिकटवणार नाही. तुझ्या लोखंडाखाली माणसं उभी असतात. जा आणि आपण होऊन सांग."

ऐकणार कोण! सोळाव्या दिवशी हा तीन लिटर पाणी ढोसून गेला. साइटवरच्या तपासणीच्या खोलीत नर्सने कप उजेडात धरला. लघवी कसली, नुसतं नळाचं पाणी. हे चालणार नाही, बाकावर बसा, आता थेंबभर पाणी पिऊ नका, दोन तासांनी पुन्हा द्या, असं तिने सांगितलं.

खिडकीतून त्याची क्रेन दिसत होती. वर माणूस नसला की ब्रेक सैल ठेवतात, म्हणजे तिचा लांब हात वाऱ्याबरोबर हवा तसा फिरतो. तो तसा फिरत होता. तेवढ्यात खाली उभा राहून इशारे देणारा त्याचा सोबती डोकावला.

"काय रे, आटलास का? लवकर चल. वर दुसरा कुणी बसणार असेल तर मी नाही खाली उभा राहत."

सोबती गेला. क्रेनवाला उठून सुरक्षा अधिकाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, कपात गांजा निघणार. सोडून सोळा दिवस झालेत."

अधिकारी वाईट नव्हता. म्हणाला, कालपर्यंत सांगितलं असतंत तर तीन महिने खालचं काम देऊन पुन्हा तपासलं असतं, त्याच कागदावर शेवटी लिहिलं होतं तसं. क्रेनवाल्याने पहिली ओळ वाचून तोंड फिरवलं होतं. आता पहिला नमुना दिला गेला होता. अधिकाऱ्याने केबिनची किल्ली मागितली. त्याने ती टेबलावर ठेवली.

"आता पुन्हा कप कशाला, साहेब?"

"कागद पुरा व्हायला हवा."

दोन तास झाले होते. क्रेनवाल्याने कप उचलला आणि आत गेला. या खेपेला लघवी चांगली पिवळी आली.