पात्याची जाडी

बाबांच्या साखळीच्या घड्याळाला रविवारपर्यंत मुदत होती, तीही मी भांडून मिळवलेली. चारमिनारकडच्या घड्याळजीने ते कानाशी धरून हलवलं आणि म्हणाला, "मशीन निकाल के सेल डाल देतौं साब. चाबी की झंझटच नक्को." आणि ज्यांनी आयुष्यभर बंद पडणाऱ्या कारखान्यांच्या दारात पत्रकं वाटली, ते माझे बाबा चक्क मान डोलावत होते!

"आतलं सगळं काढल्यावर उरणार काय, बाबा? डबी?"

"वेळ कळेल ना? मग झालं."

मलकपेठच्या आमच्या घरात मी अक्षरं पत्रकांवरून शिकले. अवजार ज्याच्या हाती, त्याला कुणी फसवू शकत नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. तेव्हा घड्याळ मीच दुरुस्त करणार, असं तिथेच जाहीर करून टाकलं.

घरी मागचं झाकण उघडून भिंगातून पाहिलं. चाकांना धरून ठेवणारी पितळी पट्टी एका बाजूने किंचित उचलली गेली होती, कारण तिचा स्क्रू सैल होता. तो आवळायचा, एवढंच काम. पण शेजारीच केसासारखी बारीक स्प्रिंग. स्क्रूड्रायव्हरचं पातं घसरलं की ती जाणार, आणि मग सेलला नाही म्हणायला मला तोंड राहणार नव्हतं.

घड्याळजीचा बारीक स्क्रूड्रायव्हर ऑनलाइन मागवणं शक्य नव्हतं. डिलिव्हरीच्या पोरांना पळवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध मी नुकतंच पत्रक लिहिलं होतं. म्हणून गौलीगुड्यातल्या अवजारांच्या दुकानात गेले. दुकानदाराने रंगीत मुठींचा अख्खा सेट पुढे सरकवला. मी एकेक उचलून बघू लागले. मुठीवरची टोपी मोकळी फिरायला हवी, म्हणजे तिच्यावर तर्जनी टेकवून खाली दोन बोटांनी मूठ फिरवता येते. पहिल्याची टोपी अडकत होती. दुसऱ्याचं पातं काउंटरवर जरा दाबताच वाकलं.

"ये तो नरम लोहा है, चाचा."

"अरे मॅडम, पेचकस ले रे कि दामाद?"

शेजारच्या गिऱ्हाइकाला हसू आवरेना. मी मात्र हटले नाही. सेटमधली पाती मनगटी घड्याळाच्या मापाची, कागदासारखी पातळ. आमच्या घड्याळाच्या स्क्रूची खाच रुंद होती. शेवटी चाचांनी कुरकुरत आतून तेलकट कागदात गुंडाळलेला एक सुटा काढला. टणक, जाड पातं, रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी. घरी घासून बसवता येईल, असा हिशेब करून तोच घेतला.

घरी दगडावर तेल टाकून घासायला बसले आणि थांबताच येईना. थोडं अजून, थोडं अजून, करता करता पातं सुरीसारखं झालं. मी खूश. बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाच्या स्क्रूवर लावून पाहिलं, तर पातं खाचेत डुगडुगलं, उसळून वर आलं आणि त्याचा कोपराच तुटला.

बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. "पत्रकासारखीच धार लावलीस की!"

मी भिंगातून खाच पुन्हा पाहिली. तिच्या भिंती सरळ, तळ सपाट. सुरी तिथे कशालाच धरणार नव्हती. धार लावताना मी एकदाही खाच पाहिली नव्हती.

मग टोक उभं धरून सपाट केलं. घासायचं, बसवून बघायचं, पुन्हा घासायचं. हात शिवशिवत होते. शेवटी पातं खाचेत असं बसलं की हलवून हलेना.

बाबांनी टॉर्च धरला.

"श्वास तरी घे गं."

"तुम्ही बोलू नका."

स्क्रू फिरला आणि पट्टी खाली बसली. मला अजून एक वेढा द्यायचा होता.

"पुरे! डोकं तुटेल त्याचं," बाबा ओरडले. हात मागे घेणं मला आवळण्यापेक्षा जड गेलं.

चावी दिली. घड्याळ चालू झालं.

रविवारी सकाळी बाबांनी ते फोनशी ताडून पाहिलं. "मागे पडतंय."

मी ताडकन उठले. "उघडते परत."

"हात लावू नकोस. मी रोज पुढे करीन."

"आणि नाहीच जमलं तर? सेल?"

"सेलचं नाव काढू नकोस या घरात!" बाबा माझ्यावरच खेकसले आणि काटे पुढे सरकवू लागले.