बेहड्याची ढोली

बेहड्याच्या बुंध्याला आग लागली तेव्हा धनेशाची मादी वर ढोलीत होती, दार लिंपून. अंडी घालायला आत शिरली की ती दार बुजवून घेते, चोचीपुरती फट ठेवते. आत तिची उडायची पिसं झडतात. नर बाहेरून फळं भरवतो, त्यावर ती जगते. दर चैत्रात मी हे बघत आले होते.

रोह्याच्या अलीकडचं हे रान आमच्या गावाने राखलेलं. पगार कोणाला नाही. कुऱ्हाड बंद, पाळीने राखण. होळी झाली की वणवा अडवायला आम्ही बायका रानाभोवतीचा पट्टा झाडून काढायचो. झाडलेला पाचोळा मात्र आमच्यात कोणी टाकत नाही. भाताचं रोप करण्याआधी जमीन भाजायला, राबाला, तो लागतो. थोरल्या जाऊबाईंनी आपला ढीग बेहड्याखाली रचला.

"इथं नको," मी म्हटलं.

"मग राबाला तुझे केस जाळू काय गो? चार तर उरलेत!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. ढीग तिथेच राहिला.

दोन-चार दिवसांनी भर दुपारी शेजारच्या माळावरून वणवा आला. पट्ट्यापाशी थांबलाही. पण वाऱ्याने जळतं पान उडवलं, ते ढिगावर पडलं.

ओहोळ कोरडा. हंडे गावातून यायचे. आम्ही ओल्या टहाळ्यांनी झोडपत होतो, त्याने ढीग विस्कटून आग आणखी पसरत होती. डोलवीला कंपनीत शिफ्ट करून आलेला धाकटा दीर शिडी घेऊन धावला. झळीने जवळ जाववेना.

"वहिनी, काठीने दार फोडू काय?"

"फोडून काय करशील? तिला पिसं हायत कुठं उडायला!"

नर उंबरं घेऊन आला. दोनदा ढोलीपर्यंत गेला, दोनदा धुरातून मागे फिरला. फटीतून मादीची चोच बाहेर आली, भरवायच्या वेळेला येते तशी. पुन्हा आली नाही.

जाऊबाई वाटेवर बसल्या. "माझाच ढीग गो," एवढंच म्हणत राहिल्या. 

दुसऱ्या दिवशी बुंधा निवल्यावर दिराने ढोली उघडली. मादी दोन पिल्लांवर बसलेली होती. तिघंही मेलेली.

नर तेवढा वाचला.