आईनं गाळून पाठवलेलं पाणी

नीटच्या परीक्षेत मला इतके कमी मार्क पडले की डॉक्टरकीचं नाव काढायची सोय राहिली नाही. तरी मी शहरात बी.एस्सी.ला जीवशास्त्र घेतलं. देवगाव रंगारीत आमच्या घरी कुणालाच याचा अर्थ लागेना. डॉक्टर व्हायचं नाही, तर त्या बेडकांनी तुझं काय घोडं मारलंय, असं लासूर स्टेशनच्या मोठ्या काकांनी विचारलं. बेडूक आता कापत नाहीत, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. काका धान्यबाजारात आडत्या, आणि घरात शब्द त्यांचाच चालायचा.

यात नोकरी कुठली, हे त्यांना ऐकायचं होतं. मी बोटांवर मोजत सुरू केलं. बियाण्यांच्या कंपन्या, वाळूजचे औषध कारखाने, दवाखान्यांच्या लॅब, रेशीम, मत्स्यशेती, वनखातं, मास्तरकी. मला वाटलं, काका गार पडतील.

"इतकी नावं घेतली, म्हंजी नक्की कशात जाणार ते तुलाबी ठाऊक नाय," ते म्हणाले.

हे खरं होतं, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. शेवटी असं ठरलं की दिवाळीपर्यंत शिकायचं आणि मग अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कॉलेजात येऊन स्वतः बघायचं. त्यांना पटलं तर ठीक, नाहीतर शहरातली माझी मुकुंदवाडीची खोली सोडून कन्नडच्या कॉलेजात बी.ए., घरून जाऊन-येऊन.

अण्णांना कशानं जिंकायचं, हे मी ठरवूनच ठेवलं होतं. येताना शेतातल्या विहिरीचं पाणी बाटलीभर आणा, असं फोनवर सांगितलं. ज्या पाण्यावर जन्म काढला, त्यात काय काय पोहतंय ते मायक्रोस्कोपखाली दाखवलं की अण्णा हरलेच. प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमची परवानगीही काढून ठेवली.

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजच्या लॅबमध्ये आले. मी थेंब काचपट्टीवर ठेवला. त्यांनी डोळा लावला आणि लगेच म्हणाले, "लई किडे हायेत. काळे. हालतात बी."

मी खूश होऊन वाकले, तर काहीच नाही. अण्णा स्वतःच्याच पापण्या बघत होते. पहिल्या दिवशी मीही पाहिल्या होत्या, पण मॅडमसमोर ते कबूल केलं नाही. थेंबामागून थेंब बदलले, एकात काही हलेल तर शपथ.

पाणी विहिरीचंच ना, असं मी विचारलं. अण्णा दुखावले. त्यांनी ते स्वतः शेंदलं होतं. आईनं ते फक्त दोनदा उकळलं आणि नव्या पांढऱ्या फडक्यातून गाळून दिलं. कॉलेजातल्या मॅडमसमोर घाण पाणी न्यायचं म्हणजे लोक काय म्हणतील, असं तिला वाटलं. मॅडम हसून हसून स्टुलावर बसल्या. मला मात्र रडू यायला लागलं. माझं सगळं शिक्षण आईनं चुलीवर उकळून टाकलं होतं.

अण्णांनी बाटली उजेडात धरली. "उकळायच्या आधी काय व्हतं याच्यात?"

ते आता सांगता येणार नाही, मॅडम म्हणाल्या. अण्णांना हे उत्तर चालेना. जिवंत होतं का, खातं काय, गुरांच्या हौदात पण असतं का. मॅडमना त्यांनी चहाला जाऊ दिलं नाही. मी बाजूला उभी राहून कुठलं सामान कशात भरायचं याचा विचार करत होते.

बसस्टँडवर काकांचा फोन आला. अण्णा फोनवर ओरडूनच बोलतात, त्यामुळं सगळ्या फलाटानं ऐकलं. नाय, कायबी दिसलं नाय, ते म्हणाले.

"पर चूक आमची. आमी पाणी उकळून नेलं. आता कच्चं घेऊन येतो, तवर ती इथंच राहील."

काका बराच वेळ बोलत होते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"नोकरीचं तिचं ती बघंल, दादा. मला त्या पाण्यात काय हाय ते बघायचंय."

मोठ्या भावाला त्यांनी असं उलटून बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. फोन खिशात टाकून ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, जा आता खोलीवर, अभ्यास असंल.