वहीत नसलेल्या फिट्स

माझी धाकटी बहीण नऊ वर्षांची आहे. तिला फिट्स येतात. एका औषधाने त्या थांबेनात, म्हणून डॉक्टर मॅडमनी जोडीला दुसरं औषध दिलं. म्हणाल्या, "पहिलं बंद करायचं नाही. आणि आलेली प्रत्येक फिट वहीत लिहायची. त्यावरून मी डोस ठरवणार."

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून फाइल माझ्याकडे असते. वही मात्र आई लिहायची, कारण दिवसभर घरी तीच.

महिन्याने मॅडमना दाखवायला आम्ही तिघी धायरीहून बसने निघालो. मी वही चाळली. शेवटचे दोन आठवडे जवळजवळ कोरे होते. बरं वाटलं. मग आठवलं, की मंगळवारी जेवताना बहीण एकटक बघत राहिली होती आणि हातातला घास गळून पडला होता.

"आई, मंगळवारचं लिहिलं नाहीस?"

"बारकी व्हती गं ती. पडली का पोरगी? न्हाई ना."

"बारकीसुद्धा लिहायची."

"अगं, मॅडम एवढ्या मायेनं बघत्यात. तुमच्या औषधाला गुण न्हाई, असं तोंडावर कसं सांगायचं? बरं दिसतं का?"

खिडकीशी बसलेली बहीण म्हणाली, "मीच लिहिलं असतं. पण मला कळतच नाही ना कधी आली ते."

दवाखान्यात मॅडमनी वही पाहिली. "वा, छान! मग हाच डोस ठेवू." त्या लिहायला लागल्या. आईला त्यांच्यासमोर खोटं पाडणं मला जमेल असं वाटत नव्हतं. चिठ्ठी अर्धी लिहून झाली, तेव्हा कुठे मी म्हटलं, "मॅडम, वहीत सगळं नाहीये."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो आई, वही मला पास करायला नव्हती दिली, डोस ठरवायला दिली होती."

आई हळूच सांगायला लागली. सोमवारी दोनदा. मंगळवारी जेवताना. गुरुवारी वेणी घालताना, शनिवारी देवळाच्या पायरीवर. एकही विसरली नव्हती. मंगळवार सोडून आणखी तीन वेळा मी घरातच होते, आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

मॅडमनी डोस थोडा वाढवला. बसस्टॉपपर्यंत आई माझ्याशी बोलली नाही.