मोरी नसलेलं बाथरूम

फरशीवर दोन बादल्या पाणी ओतल्याशिवाय बाथरूम धुतलं म्हणायचंच नाही, असा सुवर्णाताईंचा खाक्या. इचलकरंजीच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाईला कोण शिकवणार? २००६ साली त्या मॉरिसव्हिलला मुलाकडे, प्रसन्नकडे राहायला आल्या, तेव्हा तो नेमही सोबत आला. अमेरिकेतल्या बाथरूमच्या जमिनीला मोरी नसते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. वरचं पाणी ताई फडक्याने टिपून घेत. राहिलेलं कडेच्या फटीतून भिंतीत शिरे. पाण्याला काय, व्हिसा थोडाच लागतो!

दोन महिन्यांत चार वर्षांची नात सिया खोकू लागली. आजीने आलं-मध चाटवलं, ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकली, डॉक्टरांचं औषध झालं. खोकला हटेना. शेवटी एका शनिवारी सून शिवांगीने सियाच्या खोलीतलं कपाट ओढलं. बाथरूमला लागून असलेली भिंत तळाशी बुरशीने काळी पडली होती. ताई ब्लीचची बाटली घेऊन धावल्या. आत ओल आहे तोवर वरून कितीही घासलं तरी बुरशी परत येणार, म्हणून शिवांगीने त्यांना थांबवलं.

"पाइप लीक होत असेल," ती म्हणाली, पण सासूकडे न बघता.

पाइप सगळे पलीकडच्या भिंतीत होते. म्हणजे हे पाणी आपल्याच बादल्यांचं, हे ताईंनी ओळखलं. नातीला आपणच आजारी पाडलं, या विचाराने त्यांना रडू आलं. सुनेने त्यांची चूक झाकली होती; गप्प बसल्या असत्या तर मान राहिला असता आणि बाथरूमही तसंच धुतलं गेलं असतं.

"पाइप नाही गं. ते पाणी माझं आहे."

शिवांगीने त्यांचा हात धरला. "मग मास्क लावा, आई. दोघी मिळून क्लीन करू."

प्रसन्न सियाला बाहेर घेऊन गेला. दोघींनी जिप्सम बोर्डाच्या त्या भिंतीचा सडलेला पट्टा कापून पिशवीत बांधला, आतला भाग पुसला, पंखा लावून पुरता वाळवला आणि मगच नवीन बोर्ड बसवला. ताई आता पिळलेल्या फडक्याने फरशी पुसू लागल्या. महिन्याभरात सियाचा खोकला थांबला.

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नव्याने आलेल्या आजी-आजोबांना ताईंनी हे सगळं स्वतःहून सांगितलं. एक आजोबा हसले.

"हसू नका," ताई म्हणाल्या. "माझी नात दोन महिने खोकत होती."

प्रसाद वाटून झाल्यावर त्या आजोबांची बायको हळूच ताईंकडे आली आणि आमचं बाथरूम उद्या बघायला याल का, असं विचारू लागली.